पडवीतला कोपरा आणि वाऱ्याची वाट

घरात टॉयलेट बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो टाइल्स कुठल्या रंगाच्या. दुसरा कमोडचा. हवा कुठून येणार आणि कुठे जाणार हे मात्र कुणी विचारत नाही, ते थेट पहिल्या पावसाळ्यात कळतं, दरवाजाच्या मागच्या बाजूला बुरशी धरली की.

आमचं घर गुहागरकडचं, जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं, तोंड समुद्राकडे. जुन्या पद्धतीप्रमाणे न्हाणी मागे विहिरीपाशी आणि संडास त्याच्याही पलीकडे, परसाच्या टोकाला. आईच्या गुडघ्यांना आता रात्री पावसात टॉर्च आणि छत्री घेऊन तिथपर्यंत जाणं झेपत नाही, आणि गणपतीत मुंबईहून सगळी मंडळी आली की सकाळी लागणाऱ्या रांगेबद्दल न बोललेलंच बरं. म्हणून ठरलं की मागच्या पडवीच्या उत्तर टोकाला एक छोटी खोली काढायची, फक्त कमोड आणि हात धुवायला बेसिन, आंघोळीची न्हाणी आहे तिथेच राहू दे. काकांचा विरोध होता, देव आहेत तिथे घरात संडास नको म्हणून. देवघराची भिंत आणि या खोलीची भिंत एक नाही, मधे अख्खं माजघर आहे, हे चार वेळा सांगितल्यावर ते गप्प झाले, म्हणजे पटलं असं नाही.

आता जागा. गवंडी म्हणाला चिऱ्यात बांधू, घराला शोभेल. शोभेल हो, पण चिरा आडवा लावला की भिंतच नऊ इंच, वर आतून गिलावा आणि टाइल, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून दीड फुटाच्या वर नुसत्या भिंतीच. पडवीची रुंदी ती केवढी! म्हणून नवीन भिंती चार इंची ब्लॉकच्या आणि आत साडेतीन फूट बाय साडेपाच फूट. ऐकायला खुराडं वाटतं पण हिशोब बसतो. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत निदान पंधरा इंच लागतात, म्हणजे तीस इंचातही माणूस बसू शकतो, आपल्याकडे बेचाळीस आहेत. कमोड टाकीसकट अठ्ठावीस इंच धरला तरी पुढे तीन फूट मोकळे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला वळून बसायला एवढे हवेतच. फक्त एक गोष्ट प्लंबरला आधीच बजावायची, आउटलेटचं अंतर टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून मोजायचं. नाहीतर गिलावा आणि टाइल मिळून इंच-दीड इंच खातात आणि मग कमोड भिंतीला टेकतो तरी किंवा पाइपावर बसत नाही तरी.

बेसिन मी बाहेर काढलं. यावर घरात बरीच वादावादी झाली, कारण फोटोत सगळीकडे ते आत असतं, वर गोल आरसा, शेजारी एक झाड. पण आत बेसिन असलं की एक माणूस दात घासत बसतो आणि दुसरा दाराबाहेर उभा. पडवीत असलं तर जेवायच्या आधी हात धुवायला तेच, शेतातून आलं की तेच, आणि आतली जागा आईसाठी मोकळी, भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा लावता येतो. दारही बाहेर उघडणारंच हवं, आतलं माणूस चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. स्लायडिंगचा विचार केला होता, पण खाऱ्या हवेत त्याची चाकं आणि रूळ किती दिवस सरकणार?

आता वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो, परीक्षेपुरते, ते इतक्या वर्षांनी संडासाच्या कामी येतील असं वाटलं नव्हतं. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत येतो, म्हणजे आमच्याकडे पश्चिमेकडून, रात्री उलट, जमिनीकडून समुद्राकडे. पावसाळ्यात तर नैऋत्येकडून नुसता मारा, झड अशी येते की पश्चिमेच्या खिडकीतून पाणी थेट माजघरात. म्हणजे एक्झॉस्ट फॅन पश्चिमेला बसवला तर तो बिचारा बाहेर ढकलणार आणि वारा त्याला आत ढकलणार, आणि वास सगळ्या घरभर. मागची पडवी पूर्वेला आहे हे आमचं नशीब. पूर्वेची भिंत घराच्या आडोशाला, दुपारचा वारा घरावरून पलीकडे गेला की त्या बाजूची हवा ओढलीच जाते, फॅनला मदत होते. उरल्या थंडीतल्या रात्री, तेव्हा वारा उलटा, त्यासाठी फॅनला बाहेरून आपोआप मिटणारी झडप. आणि झडपेच्या बाहेर बारीक जाळी, नाहीतर कुंभारीण माशी येऊन मातीचं घर बांधते आणि पाल तर राहायलाच येते.

दुकानात लूव्हरची, म्हणजे आडव्या उघडमीट पट्ट्यांची, खिडकी आणि तिच्यातच वर फॅनचं भोक असा तयार साचा मिळतो. सगळे तोच लावतात आणि तो मला अजिबात पटत नाही. फॅन हवा जवळून मिळेल तिथून ओढतो, खालच्याच पट्ट्यांतून ओढतो आणि लगेच बाहेर टाकतो, खोलीतली हवा आहे तिथेच. म्हणून लूव्हर दाराच्या बाजूला आणि फॅन दुसऱ्या टोकाला, कमोडच्या वर, छताजवळ. फॅन चालू असताना लूव्हर मिटायची आणि हवा दाराखालून घ्यायची. दाराखाली इंचभर फट ठेवा असं सगळे सांगतात, पण इथे त्या फटीतून हवेबरोबर फुरसं किंवा विंचू आला तर काय, म्हणून दाराच्या खालच्या भागात जाळी बसवली आणि तळाला पट्टी. खोली आठ फूट उंच, म्हणजे आत दीडशे घनफूट हवा. सहा इंची फॅनने कंपनी सांगते त्याच्या निम्मी हवा ओढली तरी तीन-चार मिनिटांत काम होतं. वीज गेली की मग लूव्हर आहेच, आणि पावसाळ्यात वीज जाणारच.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र वर होतं. आपल्या जुन्या घरांत मधल्या भिंती कौलांपर्यंत जातच नाहीत, वरून सगळं घर एक असतं, म्हणून तर ओटीवर कुजबुजलेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं. आता तिथून कुजबूज जाते तर बाकीचंही जाणारच की! खाली कितीही भारी फॅन लावा. तेव्हा या खोलीला स्वतःचं झाकण, पातळ स्लॅब, कडा नीट बंद. त्याच्यावर अडगळ ठेवायला जागा झाली हा वरचा फायदा, वहिनीने पातेली चढवलीसुद्धा.

फॅनकडून फार अपेक्षाही नको. आषाढात बाहेरचीच हवा पाण्याने जड, ती आत घेऊन लादी कशी वाळणार. वास जाईल, ओल नाही. ओलीचा बंदोबस्त खालीच, लादीला ढाळ, पाणी जायची जाळी कोपऱ्यात, आणि जेट स्प्रे वापरल्यावर वायपर मारायची सवय, ती काकांना कोण लावणार ते माहीत नाही. कमोडच्या पाइपाला फुटाला पाव इंच उतार. सेप्टिक टँकचा वायुवाहक पाइप कौलांच्या वरपर्यंत, तोंडाला मच्छरदाणीची जाळी, ती नसेल तर टाकीत डासांची वसाहत आणि रात्री आपण त्यांचं जेवण. शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. गवंडी म्हणाला पन्नास फूट, मी म्हटलं आणखी जा, जांभ्यातून पाणी कसं पाझरतं ते विहिरीच्या काठाला बसलेल्या माणसाला सांगायला नको.

घर बंद ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनी आणखी एक करावं. लादीच्या जाळीखाली ट्रॅप असतो, वास अडवायला पाणी साठून राहणारा वाकडा भाग, त्यातलं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि ते आटलं की वास आणि झुरळं दोन्हींना रस्ता मोकळा. शेजाऱ्याला किल्ली देताना झाडांबरोबर तिथेही तांब्याभर पाणी ओतायला सांगायचं.

राहिल्या टाइल्स. वहिनीला गडद चॉकलेटी हव्यात, चकचकीत. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं आणि वाळलं की पांढरे डाग ठेवतं, चॉकलेटीवर ते ओटीवरून दिसतील. मी खरखरीत राखाडी म्हणतोय, आईला घसरायला नको. वहिनी म्हणते राखाडी काय, सरकारी दवाखाना आहे का? म्हटलं घे चॉकलेटी, पण पुसणार कोण ते आधी ठरव. आता नमुने दोन्ही आणलेत, पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेत आणि येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाचं मत घेणं चालू आहे.