बोट ओढेल, पण थांबेल का? पुण्याकडून माजलगावपर्यंतचा माझा अनुभव

माजलगाव धरणात आमच्या मच्छीमार संस्थेचं काम आजवर थर्माकोलचे तराफे आणि वल्ह्याच्या होड्या यांवरच चालायचं. जाळ्यातले रोहू-कटला काठावर आणेपर्यंत ऊन चढायचं, म्हणून इंजिनाची बोट घ्यायचं ठरलं. पुण्याकडच्या एका तलावावरची जुनी, अठरा फुटी फायबरची बोट ट्रेलरसकट मिळाली. बोलेरो माझी, त्यामुळे आणायचं काम माझ्याकडं आलं.

बैठकीत जो तो एकच विचारी, "ओढंल का तुझी गाडी?" ओढण्याची मला चिंता नव्हती. बोलेरोला खालून शिडीसारखी लोखंडी चासी आहे, जोर मागच्या चाकांवर येतो, मागं पाटे आहेत. पण तिचे ब्रेक तिच्या स्वतःच्या आणि आत बसलेल्या माणसांच्या वजनाला धरून बनवलेले. त्यात ताशी 40 चा वेग 60 वर गेला, की थांबताना ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. थांबण्याचं काय, हे एकानंही विचारलं नाही.

आधी वजन. विकणारा म्हणाला, "पाच-सहाशे किलो भरेल." वजनकाट्यावर ट्रेलरसकट 860 भरलं. बोटीचं वजन सांगताना लोक इंजिन, बॅटरी, पेट्रोलची टाकी, नांगर, दोर हे धरतच नाहीत. शिवाय बोटीच्या तळाशी पावसाचं पाणी होतं. लिटरमागं किलो! बूच काढल्यावर बराच वेळ धार चालू होती, तरी नंतरही आकडा आठशेच्या खाली आला नाही. युरोपात एकूण 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. मी तोच आकडा मनाशी धरून गेलो होतो. आपले रस्ते तिकडच्यापेक्षा सोपे आहेत असं काही मला वाटत नाही.

या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक होते. गाडीनं ब्रेक मारला की मागचा ट्रेलर आपल्याच वजनानं पुढं रेटतो, त्या रेट्यानं जोडाजवळचा दांडा आत सरकतो, दांड्याला बांधलेली केबल ओढली जाते आणि ट्रेलरच्या चाकांच्या ड्रममधले शू, म्हणजे आतून घासून चाक धरणारे ब्रेकचे पट्टे, फाकतात. ना वायर, ना गाडीच्या ब्रेक ऑइलशी संबंध. फक्त दांडा सरकायला हवा, आणि तोच गंजून बसला होता. "कधी वापरायची वेळच नाही आली," विकणारा म्हणाला. शेडपासून पाण्यापर्यंतच ओढत असतील तर कशाला येईल?

मिस्त्रीनं ड्रम उघडले तर आत वाळलेला गाळ आणि एका बाजूचा शू जागीच चिकटलेला. नवे लायनर, नवी ऑइल सील, बेअरिंग धुऊन ग्रीस, नवी केबल असं सगळं झालं. मग त्यानं ट्रेलर जॅकवर घेतला, चाक हातानं गरगर फिरवलं आणि मला दांडा आत दाबायला सांगितला. दोन्ही चाकं एकदम थांबेपर्यंत तो केबलचा नट पीळ-पीळ करत बसला. एक चाक आधी आणि दुसरं मागून थांबत असेल, तर ब्रेक मारताना ट्रेलर एका बाजूला खेचतो. या कामाला घासाघीस न करता पैसे दिले.

हूक मी माजलगावातच बसवून घेतला होता. पहिल्या वेल्डिंगवाल्यानं बंपरच्या पट्टीलाच हूक चिकटवून देतो म्हटलं; तिथून निघालो. हूक चासीच्या दोन्ही दांड्यांना, जाड प्लेट लावून नट-बोल्टनंच बसायला हवा. बॉल आणि ट्रेलरची वाटी एकाच मापाची पाहिजे. आमची 50 मिलिमीटरची. खालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधायच्या, म्हणजे जोड निसटलाच तर पुढचा दांडा साखळ्यांवर टेकतो, रस्त्यात रुतत नाही. ब्रेकची बारीक तार वेगळी गाडीला बांधायची. ट्रेलर सुटला तर तीच ताणली जाऊन ब्रेक लावते.

एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही, ती म्हणजे हुकावर येणारा भार. घरातला वजनाचा काटा लाकडी ठोकळ्याखाली ठेवून मोजला, तर 35 किलो. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. कमी असला की वेग घेताच ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं. बॅटरी आणि टाकी पुढं घेतली, बोट विंचनं, म्हणजे दोर गुंडाळायच्या चाकानं, थोडी पुढं ओढली, तेव्हा 80 च्या जवळ आला.

कागदांचं थोडक्यात सांगतो. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसायला हवा.

रस्ता नगर, आष्टी, जामखेड, पाटोदा असा. सोबत नाना होते. पुढच्या गाडीपासून मी एवढं अंतर ठेवायचो की मध्ये दुचाकीवाले खुशाल घुसायचे. गावोगावचे बिनरंगाचे गतिरोधक तर विचारूच नका. मांजरसुंब्याहून बीडकडं उतरताना घाटाच्या तोंडाशीच दुसरा गिअर टाकला. "अरे बाबा, मागचे ट्रकवाले शिव्या देऊ लागलेत," नाना म्हणाले. देऊ द्या म्हटलं. उतारावर ट्रेलर सारखा पुढं रेटतो, म्हणजे त्याचे ब्रेक सारखे थोडे लागलेले असतात आणि ड्रम तापत जातात. मध्ये रुंद जागा बघून थांबलो. ड्रमजवळ तळहात नेला तरी धग लागत होती. नाना बाटलीतलं पाणी ओतायला निघाले, त्यांना थांबवलं. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. आपोआप निवू दिले.

तेलगावच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. मागं ना दिवा, ना रेडियम. अंधार पडायच्या आत धरण गाठायचं मी आधीच ठरवलं होतं, ते इथं कामी आलं.

काठावर पोहोचल्यावर सगळ्यांना बोट लगेच पाण्यात हवी होती. मी चहा सांगितला. चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग बसतात तो मधला भाग, गरम असताना पाण्यात गेले, की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी आत ओढलं जातं आणि बेअरिंग गंजतात. हब हाताला गार लागल्यावर दिव्यांची वायर सोडली, नाहीतर तापलेले बल्ब पाण्यात फुटतात.

तिथं उतरायला फरशी नाही, नुसता गाळ. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की हाच काठ गाळपेऱ्याच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या पिकांच्या, पलीकडं जातो. एवढ्या निसरड्या उतारावर बोलेरो नेण्यापेक्षा शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर बोलावला. दर वेळी ट्रेलर पाण्यात घालायचं काम त्यालाच द्यायचं, ट्रेलर वर आला की ड्रम आणि हब धुऊन ग्रीस भरायचं, आणि डिझेलचे पैसे संस्थेनं भरायचे, हे तिथंच ठरलं.