तुम्ही विचारलंत म्हणून: ऑस्ट्रेलियाची २६ जानेवारी

‘ऑस्ट्रेलियाचाही प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीलाच ना? मग त्या दिवशी तिथे निषेधाचे मोर्चे का निघतात?’ जानेवारी आला की हा प्रश्न येतोच.

तो प्रजासत्ताक दिन नाही. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रप्रमुख आजही ब्रिटनचा राजाच आहे. २६ जानेवारी १७८८ ला ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख आर्थर फिलिप याने सिडनीच्या खाडीकाठी, तिथल्या मूळ रहिवासी गॅडिगल लोकांच्या भूमीवर, ब्रिटिश झेंडा उभारला. वसाहतीची रीतसर घोषणा ७ फेब्रुवारीला झाली, आणि सहा वसाहती मिळून देश झाला तो १ जानेवारी १९०१ ला. म्हणजे २६ तारीख मुळात फक्त सिडनीची. ॲडलेड २८ डिसेंबर १८३६ ची घोषणा साजरी करायचं, तर पर्थ १ जून १८२९ चा स्थापना दिवस. सिडनीत ‘फाउंडेशन डे’, ‘ॲनिव्हर्सरी डे’ अशी नावं चालत. ‘ऑस्ट्रेलिया डे’ हे नाव देशभर रूढ व्हायला १९४० चं दशक उजाडलं. सगळ्या राज्यांत नेमकी २६ लाच सुट्टी तर १९९४ पासून मिळते; त्याआधी ती बहुधा सोमवारला जोडून देत.

तारीखच बदला, या मागणीवर ‘आहे तीच तारीख ठेवून नाव बदला’ अशी तडजोड सुचवतात; ती मला पटत नाही. १९३८ मध्ये सिडनीत दीडशे वर्षांचा सोहळा चालू असताना विल्यम कूपर, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन या आदिवासी नेत्यांनी ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये ‘शोक दिवस’ पाळला आणि नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मागितले. तेव्हा तिथे सुट्टीचं नाव ‘ॲनिव्हर्सरी डे’च होतं. दुःख जमीन गेल्याचं होतं, पाटीवरच्या नावाचं नव्हे. आज कुणी ‘इन्व्हेजन डे’ (आक्रमणाचा दिवस) म्हणतं, कुणी टिकून राहिल्याचा मान म्हणून ‘सर्व्हायव्हल डे’. माझ्या मते घटनेला पहिलं नाव चपखल बसतं आणि माणसांना दुसरं.

तारखेचा बदल अडतो तो कायद्यात. सुट्टी राज्यांच्या कायद्यांत आहे, शिवाय केंद्राच्या २००९ च्या कामगार कायद्यात तारखेसकट लिहिलेली आहे. महापालिका स्वतःचा सोहळा रद्द करू शकते, सुट्टी नाही. २०१७ मध्ये मेलबर्नमधल्या यारा आणि डेरबिन पालिकांनी असा निर्णय घेतला, तेव्हा केंद्राने त्यांचा नागरिकत्वाचे समारंभ घेण्याचा अधिकारच काढून घेतला. २०२३ पासून नियम सैल झालाय: त्या दिवसाचा शपथविधी पालिका तीन दिवस आधी किंवा नंतरही ठेवू शकते. तिथल्या ज्या मराठी मंडळींची शपथ बाकी आहे, त्यांनी आपल्या पालिकेने कोणता दिवस धरलाय ते आधी विचारून घ्यावं.