खोली नंबर ३७

काल आईला घेऊन पहिल्यांदाच भुयारी मेट्रोने गिरगावला गेलो. सरकत्या जिन्याने वर आलो आणि आई तिथेच थबकली. जन्म गेला इथे, पण चर्च डावीकडे की उजवीकडे, तेच तिला उमगेना!

मग सुरू झाली. मॅजेस्टिक सिनेमा तर कधीच गेलेला. १४ मार्च १९३१ ला भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ इथेच लागला होता, हे आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, जणू तिकिटं त्यांनीच फाडली होती. ट्राम बंद झाली १९६४ ला. आईला तिची घंटा आठवते म्हणे. असेल.

मला मात्र आठवली ती कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. डब्याच्या झाकणावर खडूने खोलीचा नंबर, ३७. आमच्या गव्हाआधी कुणाची ज्वारी दळलेली असली की आजीला पोळी लाटतानाच कळायचं आणि गिरणीवाल्याचा उद्धार व्हायचा. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. आईने एक घेतलंही, घासाघीस करून.

झाकण अजून घरी आहे. त्याच्याखाली हल्ली कांदे असतात.