सेल्माचा पूल आणि आमची फोर्साइथ काउंटी

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी मागे पडली की हायवे ८० वरच्या गाड्या विरळ होतात. दोन्हीकडे कुरणं, मधूनच एखादं तळं, झाडांवरून लोंबणारं करडं शेवाळ. एका ठिकाणी रस्त्याकडेला खोदकाम चाललं होतं. बाबांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून त्यांनी मूठभर माती घेतली, बोटांत चुरली आणि म्हणाले, "अगं, ही तर आपलीच. कापसाची काळी."

बाबा यवतमाळचे, त्यामुळे माती त्यांना बरोबर कळते. अलाबामाच्या या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात, आणि हे नाव पहिल्यांदा मातीवरूनच पडलं. इथला कापूस गुलामांनी पिकवला. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तो कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे भाव आले. ते युद्ध शाळेत शिकताना कुणी आम्हाला हा धागा दाखवला नव्हता.

शेजारच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला, फोर्साइथ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आमचं घर आहे. बाबा उन्हाळ्यासाठी आले होते आणि १९६५ मध्ये काळ्यांच्या मतदान हक्काचा मोर्चा जिथून निघाला ते सेल्मा बघायचं त्यांनी स्वतःहून ठरवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस, आणि प्रत्येक निवडणुकीत केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी. पेट्या, सील, शाई, मतदार यादी या गोष्टी त्यांच्या रक्तात आहेत. त्यांच्यासोबत गेले नसते तर मी पूल पाहिला असता, फोटो काढले असते आणि परत आले असते.

सेल्माच्या आधी लाउंड्स काउंटी लागते. रस्त्यालगत राष्ट्रीय उद्यान खात्याचं एक केंद्र आहे. १९६५ च्या सुरुवातीला या काउंटीत दर पाच माणसांमागे चार काळे होते, पण मतदार यादीत एकही काळं नाव नव्हतं. गोऱ्यांची नोंदणी मात्र शंभर टक्क्यांच्या वर होती. मेलेले आणि गाव सोडून गेलेले गोरे यादीत तसेच ठेवलेले होते. बाबांनी तो आकडा मला पुन्हा वाचायला लावला. "शंभराच्या वर? आणि कुणी हरकत घेतली नाही?" हरकत घेणार कोण? यादी करणारे तेच, कोर्टात जूरीवर बसणारे तेच, आणि शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, तोही त्यांनीच निवडलेला.

नाव नोंदवायची रीत आम्ही सविस्तर वाचली. शेजारच्या डॅलस काउंटीत, म्हणजे सेल्मा जिथे आहे तिथे, कचेरी महिन्यातून दोन सोमवार उघडायची. अर्ज कित्येक पानी. आधीपासून मतदार असलेल्या एका माणसानं अर्जदाराची हमी द्यायची, आणि मतदार तर जवळपास सगळे गोरेच. त्यावर राज्यघटनेची परीक्षा, आणि पास-नापास ठरवणार समोर बसलेला कारकून. काळ्या शाळामास्तरांनाही नापास केलं जाई. हे वाचताना बाबा गप्प झाले होते.

मला माझी नागरिकत्वाची परीक्षा आठवली. तिच्या शंभर प्रश्नांची यादी सरकारनंच छापून दिली होती. त्यातले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की झालं. समोरच्या अधिकारी बाई हसून बोलत होत्या. काही मिनिटांत परीक्षा संपली, आणि शपथ घेतल्यावर मी मतदार व्हायला पात्र झाले. या मातीत ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या राबल्या त्यांना मात्र हाच देश आयुष्यभर कचेरीबाहेर उभं करत होता.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो ते निवडणूक चिन्हांपाशी. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह असे, कारण पुष्कळ मतदारांना वाचता येत नसे. बाबांना हे लगेच पटलं, आपल्याकडेही तेच कारण. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि कोंबड्याच्या वर छापलेलं असे 'व्हाइट सुप्रीमसी', म्हणजे गोऱ्यांचं वर्चस्व. भिंतीवर रंगवलेली घोषणा नव्हे ही, सरकारी मतपत्रिकेवर छापलेले शब्द! १९६६ साली ते काढले. तोवर ज्या काळ्या माणसाला जिवावर उदार होऊन मत देता आलं, त्यालाही हे शब्द वाचूनच द्यावं लागलं.

म्हणून लाउंड्सच्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. चिन्ह घेतलं काळा पँथर. नागरी हक्क चळवळीतले स्टोकली कारमायकल आणि त्यांचे विद्यार्थी साथी इथे येऊन राहिले होते. पँथरचं चित्र त्यांनी अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या खेळाच्या बोधचिन्हावरून घेतलं. नाव नोंदवलं म्हणून गोऱ्या जमीनमालकांनी कुळांना घराबाहेर काढलं, तेव्हा ही कुटुंबं याच जागेवर तंबूत राहिली. रात्री तंबूंवर गोळ्या झाडल्या जायच्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये पक्षाचे सगळे उमेदवार पडले. पण १९७० मध्ये चळवळीतले जॉन ह्युलेट काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले.

पँथरचं चित्र इथून कॅलिफोर्नियात ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाकडे गेलं, १९६६ मध्येच. तिथून त्याची बातमी मुंबईला पोचली आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली. तेव्हा बाबा कॉलेजात होते. "पत्रकं यायची आमच्याकडे," ते म्हणाले. "पण हे चित्र शेतमजुरांनी मतपत्रिकेसाठी घेतलेलं, हे आज कळतंय."

सेल्माचा पूल उंच कमानीसारखा चढत जातो. पायी निघालं की मध्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला सुमारे सहाशे माणसं दोघादोघांच्या रांगेत याच चढावरून निघाली. पुढे चळवळीचे नेते जॉन लुईस आणि होजिया विल्यम्स. माथ्यावर आल्यावर त्यांना खाली राज्य पोलीस आणि शेरीफचे घोडेस्वार दिसले. मग काठ्या, अश्रुधूर. लुईस यांची कवटी फुटली. सेल्मातल्या कार्यकर्त्या अमेलिया बॉयन्टन बेशुद्ध पडल्या. त्याच महिन्यात मोर्चा पुन्हा निघाला आणि २५ मार्चला ५४ मैल चालून मॉन्टगोमेरीला पोचला. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. पुलावर मात्र अजून एडमंड पेटस यांचंच नाव आहे. ते गुलामगिरी टिकवायला लढलेले सेनाधिकारी, कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचे पुढारी आणि नंतर अमेरिकेचे सिनेटर.

पुलाच्या पायथ्याशी एक वयस्क काळ्या बाई पाहुण्यांना माहिती सांगत होत्या. त्या दिवशी त्या शाळकरी मुलगी होत्या. त्यांनी विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, फोर्साइथ काउंटी, जॉर्जिया.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तुम्ही लोक राहता होय तिथे? होजियानं दगड खाल्लेत तुमच्या गावात."

मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आणि रात्री मॉटेलवर मी वाचत बसले.

सप्टेंबर १९१२. फोर्साइथमध्ये एका गोऱ्या मुलीवर हल्ला झाला, पुढे ती वारली. संशयावरून पकडलेल्या रॉब एडवर्ड्स या काळ्या तरुणाला जमावानं तुरुंगातून ओढून कमिंग गावच्या चौकात मारलं आणि टांगलं. अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल या दोन कोवळ्या काळ्या मुलांवर घाईघाईत खटला उरकून हजारोंच्या गर्दीसमोर त्यांना फाशी दिलं. मग रात्रीच्या टोळ्या निघाल्या, चर्च जाळली, घरांवर गोळ्या झाडल्या. काही आठवड्यांत काउंटीतले सुमारे अकराशे काळे लोक परागंदा झाले. कुणाची जमीन होती, कुणाची गुरं, उभी पिकं. चार वर्षांआधी, १९०८ मध्ये, जॉर्जियानं घटनादुरुस्ती करून काळ्यांचं मत जवळजवळ काढून घेतलेलं होतं. त्यामुळे शेरीफला त्यांची भीती नव्हती, आमदाराला त्यांची गरज नव्हती. मत आधी गेलं, मग घर गेलं. १९८७ पर्यंत ही काउंटी जवळपास पूर्ण गोरी राहिली. त्या वर्षी १७ जानेवारीला होजिया विल्यम्स थोडे लोक घेऊन मोर्चाला आले, तेव्हा जमावानं त्यांच्यावर दगड-बाटल्या फेकल्या. पुढच्याच आठवड्यात सुमारे वीस हजार लोक चालून आले.

आज याच काउंटीत पाच-सहा माणसांमागे एक आशियाई वंशाचा आहे, त्यात आपले मराठीही पुष्कळ. उत्तम शाळा, सरळ आखलेल्या वसाहती, गणपतीला ढोल-ताशा. आमच्या गप्पांत काळ्यांबद्दल एक वाक्य हमखास येतं: "आपण कष्टानं वर आलो, त्यांना कुणी अडवलंय?" मला आता हे वाक्य ऐकवत नाही. १९४६ नंतरही भारतातून वर्षाला शंभर माणसांनाच इथे कायमचं यायची मुभा होती. वंशाधारित कोटा मोडणारा कायदा ३ ऑक्टोबर १९६५ ला झाला, मतदान हक्क कायद्यानंतर दोन महिन्यांनी, अमेरिकेच्या त्याच संसदेत आणि त्याच चळवळीच्या रेट्यानं. आपल्यासाठी दार उघडलं त्यात त्या पुलावर मार खाल्लेल्यांचा वाटा आहे, आणि त्यांना कुणी अडवलं याची तारीखवार यादी सापडते.

परतल्यावर बाबांना कमिंगच्या चौकात घेऊन गेले. २०२१ मध्ये तिथे रॉब एडवर्ड्स यांच्या हत्येचा फलक लागला आहे. इतक्या वेळा मी त्या चौकातून गेले आहे. बाबांनी चष्मा वर करून दोन्ही बाजू शेवटपर्यंत वाचल्या. "यातलं किती अजून चालू आहे?" त्यांनी विचारलं.

बरंच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, अलाबामाच्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात, मतदान हक्क कायद्यातली एक मुख्य तरतूद निष्प्रभ केली. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे, ती अट गेली. जॉर्जियात २५ मार्च २०२१ ला नवा कायदा झाला. मतदानकेंद्रापासून दीडशे फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला कार्यकर्त्यांनी पाण्याची बाटली देणंही त्यानं गुन्हा ठरवलं. याच कायद्यानं हेही स्पष्ट केलं की एकच मतदार कितीही जणांच्या नावांवर हरकत घेऊ शकतो. इथे बाबा उसळले. "आमच्याकडे नाव वगळायला नमुना सात भरावा लागतो. खोटं लिहिलं तर तुरुंग आहे. इथे एक माणूस हजार नावं देणार आणि धावपळ त्या हजारांनी करायची?"

बाबा परत गेले. त्यानंतर शेजारच्या एका काउंटीत राहणाऱ्या, आमच्या मराठी मंडळातल्या मैत्रिणीला मतदार यादीतल्या नावावर हरकत आल्याचं पत्र आलं. अपार्टमेंट सोडून ती घरात राहायला गेली होती आणि कुणा अनोळखी माणसानं दिलेल्या लांबलचक यादीत तिचं नाव होतं. निवडणूक मंडळाच्या बैठकीला मी तिच्यासोबत गेले. तिनं विजेचं बिल दाखवलं, नाव राहिलं. पण यादीतली बहुतेक माणसं आलीच नव्हती. सकाळची वेळ, कामाचा दिवस, आणि ते पत्र त्यांच्या जुन्या पत्त्यावर गेलेलं. त्यांची सुनावणी पुढच्या बैठकीत आहे. तोवर आम्ही चौघीजणी शनिवार-रविवारी त्या अपार्टमेंटमध्ये दारं ठोठावत, कोण कुठे राहायला गेलं ते विचारत फिरतो आहोत.