‘प्रकरण पहिले’ आणि १.१ : प्रबंधाच्या आकड्यांनी काढलेला घाम

मराठीत प्रबंध लिहिताय आणि वर्डमध्ये लिहिताय, तर हे आधी वाचा. नंतर वाचून फक्त चिडचिड होईल, माझी झाली तशी.

माझा विषय खानदेशातली फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घेण्याची जुनी सिंचन पद्धत. पांझरा नदीवरचे बंधारे, पाट, पाण्याच्या पाळ्या, पाटकरी आणि जागल्या. समितीने विषय मान्य केला, सरांनी शेवटचा मसुदा वाचून सही केली, साहित्यचोरीची तपासणीही सुरळीत पार पडली. या सगळ्यात कुठे काही अडलं नाही. अडलं ते मथळ्यांपुढच्या आकड्यांवर.

विद्यापीठाच्या खिडकीवरच्या साहेबांनी प्रत चाळली आणि अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं. “मॅडम, हे ‘प्रकरण १’ चालत नाही. नियमावलीत बघा, ‘प्रकरण पहिले’ असं अक्षरी पाहिजे. आतले मुद्दे मात्र १.१, १.१.१ असे. मराठी आकड्यांत.”

मी म्हटलं, “साहेब, अर्थ तर तोच आहे ना?”

“अर्थ गाईड बघतात. आम्ही फॉरमॅट बघतो.”

प्रत परत. मागे रांग होती, वाद घालायला जागा नव्हती. घरी येऊन नियमावली पुन्हा काढली. तिच्यात कलम ७ दोनदा आहे आणि आकडे सगळे इंग्रजी. ज्यांनी ती केली त्यांनी आकडे हाताने टाकलेत हे उघड दिसतं. आणि हेच लोक माझा ‘१’ परत पाठवतात.

टायपिंगवाल्या दादांचा सल्ला सोपा होता: “ताई, सगळं काढून हाताने टाका, एका रात्रीचं काम.” एका रात्रीचं असेलही. पण बाहेरच्या परीक्षकाने ३.२ हा मुद्दा ३.४ नंतर न्या म्हटलं, की त्याखालचा प्रत्येक आकडा, ‘मुद्दा ३.४.२ पाहा’ असे मजकुरातले सगळे उल्लेख आणि अनुक्रमणिका पुन्हा हाताने. म्हणून हट्टाने आपोआप पडणारेच आकडे ठेवायचे ठरवलं.

मूळ मांडणी अवघड नाही, ती उरकून टाकते. प्रकरणाच्या नावाला हेडिंग १ ही स्टाइल, मुद्द्याला हेडिंग २, उपमुद्द्याला हेडिंग ३. कर्सर पहिल्या प्रकरणाच्या नावावर ठेवायचा, होम टॅबवर मल्टीलेव्हल लिस्टचं बटण, त्यात सगळ्यात खाली ‘डिफाइन न्यू लिस्ट स्टाइल’. तिथून फॉरमॅट, नंबरिंग. जी खिडकी उघडते तिच्यात डाव्या कोपऱ्यात ‘मोअर’ असतं, ते दाबल्याशिवाय कामाचं काहीच दिसत नाही. प्रत्येक पातळीला ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’मध्ये तिची हेडिंग जोडायची. झालं.

देवनागरी आकड्यांची मात्र एक अट आहे. ‘नंबर स्टाइल’च्या यादीत सुरुवातीला ते मला दिसतच नव्हते. फाईल, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये जाऊन हिंदी जोडली, वर्ड बंद करून उघडलं, तेव्हा यादीत खाली खाली गेल्यावर १, २, ३ सापडले. त्यांच्या आसपासच ‘एक, दो, तीन’ही आहे. ते पाहून क्षणभर हुरळले होते. पण ती हिंदी मोजणी, आणि आपल्याला हवं ‘पहिले, दुसरे, तिसरे’. इंग्रजीत फर्स्ट, सेकंड, थर्ड यादीत आयतं आहे. मराठीत नाही.

आता खरी गाठ. प्रकरणाचा क्रमांक अक्षरी हवा आणि मुद्द्याचा आकडी, पण मुद्द्याच्या आकड्यातला पहिला भाग प्रकरणाकडूनच येतो. ‘१.१’मधला डावीकडचा १ म्हणजे पहिल्या पातळीचा आकडा, जसा तिथे ठरवलाय तसाच खाली उतरलेला. वर अक्षर ठेवलं की खाली अक्षर येणार, वर काही नसलं की खाली काही नाही.

शोधल्यावर जिथे तिथे एकच तोडगा: दुसऱ्या पातळीवर ‘लीगल स्टाइल नंबरिंग’ या चौकटीत खूण करा. ज्यांची प्रकरणं रोमन आकड्यांत आहेत आणि मुद्दे साध्या, त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. वर रोमन चार असला तरी खाली 4.1 येतं. मी खूण केली आणि माझे देवनागरी आकडे गेले. सगळ्या प्रबंधात 1.1, 1.2, 2.1. नंबर स्टाइलची यादीही फिकी पडली, बदलू देईना. कारण ती खूण त्या पातळीच्या क्रमांकातले सगळे आकडे सरसकट इंग्रजी करते, देवनागरीसकट. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे ठळक सांगते: मराठी आकडे हवे असतील तर त्या चौकटीला हात लावू नका.

मग पहिल्या पातळीची नंबर स्टाइल ‘नन’ करून पाहिली, म्हणजे आकडाच नको, ‘प्रकरण पहिले’ मी हाताने लिहीन. तर मुद्द्यांच्या पुढे नुसतं ‘.१’ उरलं. डावीकडचा आकडा गायब, टिंब जागेवर. संध्याकाळ त्यातच गेली. एव्हाना मला फड पद्धतीतल्या पाण्याच्या पाळ्या या आकड्यांपेक्षा सोप्या वाटायला लागल्या होत्या.

सुटलं ते असं. पहिल्या पातळीची नंबर स्टाइल १, २, ३ हीच राहू द्यायची. ‘नन’ करायची नाही. फक्त ‘एंटर फॉरमॅटिंग फॉर नंबर’ ही जी चौकट आहे तिच्यातला करड्या पट्टीतला १ बॅकस्पेसने पुसायचा, आणि ‘फॉलो नंबर विथ’मध्ये ‘नथिंग’ निवडायचं. आकडा दिसत नाही, पण वर्ड मनातल्या मनात मोजत राहतं. मग दुसऱ्या पातळीवर जायचं, तिथल्या आकड्याच्या डावीकडे कर्सर ठेवायचा, ‘इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम’मध्ये लेव्हल १ निवडायची, दोहोंच्या मध्ये टिंब टाकायचं. तिसऱ्या पातळीला लेव्हल १ आणि लेव्हल २ दोन्ही. ओके दाबल्यावर ‘३.४.२ पाटकरी व जागल्या यांची कामे’ हा मथळा जसा हवा तसा समोर आला. खरं सांगते, प्रबंध लिहून संपला त्या दिवशीही इतका आनंद झाला नव्हता.

करड्या पट्टीचं महत्त्व लक्षात घ्या. त्या चौकटीतला करडा आकडा जिवंत असतो, पुढे सरकतो. तुम्ही कळफलकावरून १ दाबलात तर तो पांढऱ्यावर येतो आणि मेलेला असतो, मग सगळ्या मुद्द्यांना तोच १. आकडा चुकून पुसला गेला तर टाइप करू नका, नंबर स्टाइलच्या यादीतून पुन्हा निवडा.

‘प्रकरण पहिले’ हे शब्द हेडिंग १ मध्ये हाताने लिहायचे, शिफ्ट-एंटर करून खालच्या ओळीत प्रकरणाचं नाव. नुसतं एंटर केलं तर दोन वेगळी प्रकरणं मोजली जातात आणि पुढचं सगळं एकाने पुढे जातं. अनुक्रमणिकेतही ते दोन ओळींत येतं. खिडकीवर त्याला कोणी हरकत घेतली नाही, हे नशीबच.

अजून एक राहिलं, आकड्यांचा ठळकपणा. मथळा कोकिळा फॉन्टमध्ये जाड आणि त्यापुढचा आकडा बारीक, दुसऱ्याच घरचा वाटेल असा. आकडा आपलं रूप परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेवरून घेतो, मथळ्यातल्या शब्दांवरून नाही. त्यामुळे शब्द निवडून बोल्ड केले की आकडा तसाच राहतो. बदल स्टाइलमध्येच करा. आणि तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा फॉन्ट, आकार आणि ठळकपणा वेगळा असतो. देवनागरीला तोच लागू होतो, वरचा नाही. तरीही नाही जमलं तर त्याच नंबरिंगच्या खिडकीत ‘फॉन्ट’ बटण आहे.

आकड्यानंतर मोठी मोकळी जागा सुटत असेल तर ‘फॉलो नंबर विथ’मध्ये टॅब काढून ‘स्पेस’ करा. हे वर सांगायला हवं होतं.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी प्रकरणवार वेगळ्या पीडीएफ लागतात. म्हणून काही जण प्रकरणांच्या वेगळ्या वर्ड फाइली करतात आणि मग प्रत्येक प्रकरण १.१ पासून सुरू होतं. गरज नाही. फाईल एकच ठेवा, पीडीएफ करताना ऑप्शन्समध्ये पानं कुठून कुठे ते द्या. कार्यालयात वर्डची फाईल मागितली तर सेव्हच्या ऑप्शन्समध्ये फॉन्ट एम्बेड करून द्या. त्यांच्या संगणकावर कोकिळा नसला तर पानं सरकतात, आणि पानं सरकली की पुन्हा तीच खिडकी.

दुसऱ्या वेळी साहेबांनी अनुक्रमणिका पाहिली, प्रकरण तिसरेपर्यंत बोट फिरवलं आणि शिक्का मारला. “आता कसं बरोबर दिसतंय,” म्हणाले. मी कलम ७ बद्दल काही बोलले नाही, पावती घेतली.

आमच्या कॉलेजातल्या दोघी आता हे आकडे बसवलेली माझी रिकामी फाईल वापरतात. देताना एकच अट घालते: पुढे कधी बदल करायचा झाला तर मल्टीलेव्हल लिस्टच्या बटणाखाली आपली लिस्ट स्टाइल शोधायची, तिच्यावर उजवं क्लिक करून ‘मॉडिफाय’ घ्यायचं. पुन्हा ‘डिफाइन न्यू’ केलं तर नवीच यादी तयार होते, आणि मग रात्री अकराला मला फोन करायचा नाही.