आमची वाटचाल : फॉर्मातून आलेलं नाव

पतसंस्थांचे कर्जअर्ज, शाळांचे गुणतक्ते, मंगल कार्यालयांचं बुकिंग. आमच्या छोट्या फर्मचं काम म्हणजे वेबसाइटवरचे फॉर्म. ग्राहक पानाचं रूप बघतो; आमचा वेळ जातो भरून आलेल्या मजकुराचं काय करायचं यात.

सुरुवातीचा कोड ‘आलं की धुऊन घ्या’ या जातीचा. त्या काळी पीएचपीत (आम्ही वेबसाइट लिहितो ती भाषा) मॅजिक कोट्स नावाची सोय होती. ती अवतरणचिन्हाआधी आपोआप बॅकस्लॅश लावायची, त्यावर आम्ही तेच काम करणारं फंक्शन अ‍ॅडस्लॅशेस चालवायचो. गोव्यातल्या डि'सोझांचं नाव टेबलात बॅकस्लॅशसकट बसायचं आणि दुरुस्तीचा फॉर्म सेव्ह केला की बॅकस्लॅश आणखी वाढायचे. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ नं ही सोयच काढून टाकली. जी पानं फक्त तिच्या भरवशावर होती ती हल्ल्यांना उघडी पडली.

तेव्हापासून आत घेताना तपासतो, साठवताना जसंच्या तसं ठेवतो आणि बाहेर काढताना जागा बघून निर्धोक करतो. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, मजकूर चिकटवायचा नाही. पीडीओ या पीएचपीच्या डेटाबेस-जोडणीचं प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आज्ञेत प्रश्नचिन्ह ठेवून मजकूर वेगळा पाठवायचा. आणि त्यातलं नकली प्रिपेअर, म्हणजे पीडीओनंच मजकूर आज्ञेत भरून पाठवणं, बंद. कॉलमचं नाव मात्र प्रश्नचिन्हानं पाठवता येत नाही. ‘कशाप्रमाणे लावायचं’ हे ग्राहक निवडतो तिथे परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवावीच लागते.

पानावर छापताना एचटीएमएलस्पेशलचार्स, म्हणजे एचटीएमएलमध्ये खास अर्थ असलेली चिन्हं निर्धोक करणारं फंक्शन. पीएचपी ८.१ च्या आधी ते सांगितल्याशिवाय एकेरी अवतरणचिन्ह बदलत नसे, त्यामुळे एचटीएमएल टॅगमधली एकेरी अवतरणातली अ‍ॅट्रिब्यूट फोडता यायची. लिंकच्या पत्त्याला एवढंही पुरत नाही. तो एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनंच सुरू होतो का, ते वेगळं बघावं लागतं.

हे सगळं कुठल्याही पुस्तकात सापडेल. मराठी मजकुराचं सापडत नाही.

‘नावात फक्त अक्षरं’ असा तयार पॅटर्न लावला की ‘किरण’ अडकतो. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या संकेतांचं मानक) लेखी वेलांटी अक्षर नाही, चिन्ह आहे. चिन्हांचा वर्गही पॅटर्नमध्ये द्यायला हवा. काही कीबोर्ड ‘दऱ्या’तला अर्धा र अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात. अशी अदृश्य चिन्हं सरसकट पुसली की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात.

लांबीचं दुखणं याहून छुपं. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि मजकूर तोडणारं सबस्ट्र फंक्शन बाइट मोजतं. सलग देवनागरी मजकूर ५० बाइटवर तोडला की १६ चिन्हं पूर्ण येतात, सतरावं अर्धवट लटकतं. हा तुकडा ८.१ पूर्वीच्या एचटीएमएलस्पेशलचार्सला दिला की ते रिकामी स्ट्रिंग (मजकूर) परत देतं. यादीत नावाची जागा कोरी, लॉगमध्ये चकार शब्द नाही. बाइटऐवजी चिन्हं मोजणारं एमबी-सबस्ट्र वापरा, पण तेही वेलांटी अक्षरापासून तोडू शकतं. आम्ही तोडतच नाही; मजकूर मोठा असेल तर तसं सांगून फॉर्म परत दाखवतो.

आकडे हा तिसरा प्रकार. रकमेच्या रकान्यात ‘१५००’ देवनागरीत आलं की पीएचपी त्याचं पूर्णांकात रूपांतर करताना शून्य करतं. कर्जअर्जात शून्य! म्हणून तपासणीआधी दहाही अंक एसटीआर-टीआर या अदलाबदलीच्या फंक्शननं इंग्रजी अंकांत बदलायचे, मात्र त्याला जोड्यांचा अ‍ॅरे द्यायचा. दोन स्ट्रिंग दिल्या तर ते बाइटला बाइट लावतं आणि खिचडी करतं.

सर्व्हरच्या मर्यादा शेवटी तपासायला ठेवणं चुकीचं आहे. मॅक्स इनपुट व्हार्स, म्हणजे एका फॉर्मातून किती रकाने घ्यायचे ती मर्यादा, मुळात १०००. साठ विद्यार्थी, प्रत्येकी १८ रकाने, म्हणजे १०८०. हजारावरचे ८० गळतात: छप्पन्नाव्याचे आठ रकाने आणि शेवटच्या चौघांचे सगळे. वापरणाऱ्याला ‘सेव्ह झालं’ असाच संदेश दिसतो. पोस्ट मॅक्स साइझ, म्हणजे फॉर्मच्या एकूण आकाराची मर्यादा, ओलांडली तर सगळाच फॉर्म रिकामा पोचतो आणि फोटो जोडणाऱ्याला ‘नाव भरा’ असं सुनावलं जातं. म्हणून रिकाम्या फॉर्मात कंटेंट लेंग्थ, म्हणजे ब्राउझरनं कळवलेला आकार, आधी बघतो. मोठ्या फॉर्माच्या अगदी तळाशी एक लपवलेला रकाना ठेवतो, ‘शेवट’ नावाचा. तो आला नाही तर काहीच सेव्ह करत नाही.