४२ गोण्या राडारोडा

मार्चमध्ये नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घराचं बाथरूम तोडून नव्याने केलं. काम आठवड्यात उरकलं. फुटक्या फरशा, विटा, गिलावा भरलेल्या ४२ गोण्या मात्र पुढे १९ दिवस पार्किंगमध्ये पडून होत्या.

मिस्त्री म्हणाला होता, "ताई, छोटा हत्ती बोलावतो. रात्री नंदिनीच्या पुलाजवळ टाकून देईल. सगळे तेच करतात." मी साफ नाही म्हटलं. लहानपणी जिला नासर्डी म्हणायचो तीच ही नदी, टाकळीला गोदावरीला मिळते. राडारोडा कुजत नाही, पात्रात तसाच साचत राहतो आणि पाण्याची वाट अडवतो. पावसाळ्यात पूर किती चढला ते बघायला, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते पाहायला, आपणच जातो ना?

घंटागाडीवाल्या दादांनी गोण्या घेतल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. बांधकामाच्या कचऱ्याला २०१६ पासून वेगळे नियम आहेत. तो ओल्या-सुक्यात मिसळायचा नसतो.

मग महापालिकेचं कार्यालय. पहिल्या टेबलावर म्हणाले, "हे बांधकामवाल्यांचं." बांधकामवाले म्हणाले, "परवानगीचा कागद दाखवा." अहो, बाथरूमच्या फरशा बदलायला कसली परवानगी? ते म्हणाले, मग हे स्वच्छतेचं काम, खाली जा. खाली साहेब साइटवर. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्या खेपेला अर्ज लिहून नेला, तर "फोटो जोडा". फोटो जोडून नेला, तर तो घेऊन एका गठ्ठ्यावर ठेवला आणि "फोन येईल" म्हणाले. आठ दिवस फोन आला नाही. इकडे सोसायटीत रोज विचारणा, आणि मिस्त्रीचा फोन, "ताई, अजून सांगा, आज रात्री उचलतो." खरं सांगते, त्या आठवड्यात एकदा मनात आलं की जाऊ दे, होऊ दे. संताप येतो तो याचाच. नियम पाळणाऱ्या माणसाला पाच चकरा, आणि नदीत टाकणाऱ्याचं काम एका फोनवर.

पाचव्या खेपेला शेजारच्या काकांनी सांगितलेलं केलं. अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागितला आणि तो मिळेपर्यंत खिडकीवरून हलले नाही. क्रमांक हातात आल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला. शुल्क भरलं, पावती घेतली, गाडी येऊन गोण्या घेऊन गेली. रिकामं पार्किंग झाडताना डोळे भरून आले होते.

तुमचं काम निघणार असेल तर तोडफोडीच्या आधीच अर्ज द्या, नंतर नाही. आवक क्रमांकाशिवाय कागद सोडू नका. जुने नळ, पाइप, दाराची चौकट गोणीत भरू नका. भंगारवाला पैसे देऊन नेतो. रंगाचे डबे आणि जुन्या ट्यूबलाइट घरगुती घातक कचऱ्यात मोडतात, त्या वेगळ्या बांधून घंटागाडीवर तसं सांगून द्या. मिस्त्रीशी मजुरी ठरवतानाच राडारोडा कुठे जाणार हे बोलून घ्या. मी ते केलं नव्हतं.

आणि गोण्या अर्ध्याच भरा. फरशीची धार गोणी फाडते. आमच्या सहा गोण्या उचलतानाच फाटल्या आणि पुन्हा भराव्या लागल्या.